दोनशे चौदा लग

टेस्टरला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. लिफ्टच्या कंपनीत एकतीस वर्षं वायरमनची नोकरी केली, तेव्हा शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात तिथे हा टेस्टर लावायचा. त्यावरून कुणीतरी नाव पाडलं आणि ते चिकटलं. नोकरी संपली, कंपनीने घड्याळ देऊन निरोप दिला, तरी टेस्टर खिशातच राहिला आणि नावही राहिलं. थोरली बहीण तेवढी त्याला अजून बाळ्या म्हणायची. बाळ्या अठ्ठावन्न वर्षांचा होता.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ताई तेराची. वडील कामावरून येईपर्यंत घर ताईच्याच अंगावर असायचं. त्याचे केस विंचरणं, पाढे घेणं, तापात उशाशी बसणं, शाळेतल्या मारामारीनंतर समोरच्या पोराच्या घरी जाऊन भांडणं, सगळं तिने केलं. त्यामुळे ताईने काही सांगितलं की 'नाही' हा शब्द टेस्टरच्या तोंडात यायच्या आधीच विरघळायचा. आयुष्यात कधी त्याने तो उच्चारून पाहिला नव्हता.

ताईचे यजमान, म्हणजे टेस्टरचे भाऊजी, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फोरमन होते. बोलायला कमी, हाताला स्थिर. तरुणपणी त्यांनी फ्लाइंग क्लबात जाऊन विमान चालवायचा परवाना काढला होता, आणि इतर काही सोडलं तरी तो परवाना त्यांनी दर वर्षी वैद्यकीय तपासणी करून जिवंत ठेवला होता. निवृत्तीच्या आधीच त्यांनी घरामागची गाडीची शेड मागे वाढवली आणि तिथे विमान बांधायला घेतलं. एका माणसाचं. नकाशे मागवून, लाकूड, फोम आणि काचेच्या कापडाचे थर चढवून, राळ लावून, घासून, पुन्हा थर चढवून. बसायची जागा त्यांनी स्वतःच्या खांद्यांच्या मापाने कापली होती. पंख भिंतीला जुन्या चादरींत गुंडाळून टांगलेले, धड चाकांवर उभं, आणि सगळ्या घरात राळेचा वास. ताई म्हणायची, "माझ्या साड्यांनासुद्धा विमानाचा वास येतो."

इंजिन होतं एका जुन्या स्पोर्ट्स कारचं, रोटरी. त्यात पिस्टन नाहीत, झडपा नाहीत. फुगीर कडांचे दोन तिकोनी रोटर पोटात गरगर फिरतात, बस. हलकं, आटोपशीर, आणि चालायला लागलं की शिलाई मशीनसारखं गुळगुळीत. भाऊजींचा त्या इंजिनावर जीव होता. पण वायरिंगमध्ये त्यांची डाळ शिजेना. पाणी कुठून कुठे जातं हे त्यांना डोळे मिटून कळायचं, वीज मात्र दिसत नाही म्हणून ते तिच्यावर नाराज असायचे.

टेस्टर निवृत्त झाला त्या आठवड्यात त्यांनी त्याला शेडमध्ये नेलं आणि विमानात बसणाऱ्याच्या समोर काटे-बटणं असतात त्या पट्टीमागे टॉर्च मारून दाखवलं. टेस्टरने वाकून पाहिलं.

"भाऊजी, सुताचा गुंडा मांजरापुढे टाकला होता का?"

"म्हणूनच तुला आणलंय," भाऊजी म्हणाले.

टेस्टरने पहिल्या दिवशी सगळं कापून टाकलं आणि कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. काम त्याला आवडलं. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा हे बरं होतं. प्रत्येक वायरला नंबर, प्रत्येक नंबर वहीत, प्रत्येक टोकाला लग. लग म्हणजे वायरच्या टोकाला पकडीने दाबून बसवायचं तांब्याचं बारकं टोपण. ते नीट दाबलं गेलं तर वायर तुटेल पण लग सुटणार नाही. टेस्टरची लग दाबायची पकड नोकरीतली होती, आणि तिच्या दांड्यांवर त्याच्या बोटांचे खळगे पडले होते.

काम करता करता एक गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि तिने त्याला स्वस्थ बसू दिलं नाही. लिफ्टची वीज गेली तर लिफ्ट जागच्या जागी थांबते. ब्रेक आपोआप बसतात, आतले लोक चिडतात, कुणीतरी येऊन त्यांना बाहेर काढतं. त्याचं सगळं आयुष्य या एका भरवशावर गेलं होतं, की वीज गेली की वस्तू थांबते आणि थांबली की माणूस सुरक्षित. विमानाला वर थांबायला जागा नसते. त्यातून जुन्या पद्धतीच्या विमानाचं इंजिन स्वतःची ठिणगी स्वतः पाडतं, त्याला बॅटरी लागत नाही. या रोटरीला मात्र ठिणगीलाही वीज, पेट्रोलच्या पंपालाही वीज, आणि किती पेट्रोल सोडायचं हे ठरवणाऱ्या कॉम्प्युटरलाही वीज.

हे त्याने एका दुपारी जेवताना भाऊजींना सांगितलं. नको त्या वेळी, नको त्या माणसासमोर.

"म्हणजे वीज गेली की ठिणगी गेली, पंप गेला, इंजिन गेलं. एका बॅटरीवर भागणार नाही. दोन हव्यात, आणि दोन वेगळे रस्ते."

"दोन घालू," भाऊजी म्हणाले आणि पाणी प्यायले.

ताई वाढत होती. तिचा हात भांड्यावर तसाच थांबला. नऊ वर्षं तिने त्या विमानाला नवऱ्याचा नाद म्हणून सोडून दिलं होतं. कुणाचा नवरा पत्ते खेळतो, कुणाचा राळ घासतो. एक फ्यूज उडाला तर हा माणूस वरून खाली येईल, हे तिला त्या दिवशी, धाकट्या भावाच्या तोंडून, घास गिळता गिळता कळलं.

चार दिवसांनी ती टेस्टरच्या घरी आली. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो एकटा राहायचा. ती खुर्चीवर बसली नाही, पलंगाच्या काठावर बसली.

"बाळ्या, ते विमान तू पूर्ण करू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे काम चालू ठेव. रोज जा. पण संपवू नकोस. काहीतरी राहू दे. तुला काय, हे बदलायला पाहिजे, ते बदलायला पाहिजे, असं कायम असतंच."

"ताई, भाऊजींना सरळ सांग ना भीती वाटते म्हणून."

"सांगितलं. ते म्हणाले, बाळ्या वायरिंग करतोय, मग भीती कसली." तिने पलंगाची चादर ओढून सारखी केली. "सत्तरीला आले ना, की आपोआप तपासणीत नापास होतील. मग विमान शेडमध्ये, आणि माणूस घरात. तीन-चार वर्षांचा तर प्रश्न आहे."

टेस्टर खिडकीपाशी गेला. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी उगाच हात हलवून त्याला रस्ता दाखवत होता. टेस्टरला म्हणायचं होतं की हे चूक आहे, की तो माणूस माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. त्याने मागे वळून पाहिलं. ताईने दोन्ही हात मांडीवर धरले होते, एकात एक घट्ट. आईच्या आजारपणात ती दवाखान्याच्या बाकावर अशीच बसायची.

"बघतो," तो म्हणाला. ताईच्या लेखी तेवढं पुरे होतं.

सुरुवातीला खोटं बोलायची वेळच आली नाही, कारण खरंच खूप काही बाकी होतं. दुसरी बॅटरी घातली. पेट्रोलच्या दोन पंपांना दोन वेगळ्या वायरी, दोन वेगळे फ्यूज, दोन वेगळी बटणं केली. इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर पिसाळून जास्त दाब सोडायला लागला तर त्याला तोडणारा कट-आउट बसवला. मग एक कॉम्प्युटर होता तिथे दोन केले, आणि त्यासाठी इंजिन आणि वैमानिक यांच्यामधल्या पत्र्यातून जाणारा वायरींचा सगळा जुडगा पुन्हा ओढावा लागला. मग रेडिओत इंजिनाची घरघर ऐकू यायला लागली, तिचा माग काढण्यात सहा आठवडे गेले. एक अपग्रेड संपेपर्यंत दुसरं दारात उभं असायचं. भाऊजी प्रत्येक वेळी विचारायचे, "लागेलच का हे?" आणि टेस्टर म्हणायचा, "लागेल." ते मान हलवायचे आणि स्क्रू काढायला बसायचे. दोघं मिळून पट्टी उघडायचे, आणि ताई दोन कप चहा घेऊन दारात उभी राहायची. कप देताना ती भावाकडे एक क्षण बघायची. त्या नजरेत आभार असत, आणि टेस्टरला ती नजर नकोशी व्हायची.

अशी दोन वर्षं गेली. आणि मग एके दिवशी संपलं. वही पूर्ण झाली. टेस्टरने मल्टिमीटर घेऊन सगळ्या वायरी पुन्हा एकदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजल्या. काही सापडेना. त्याने मुद्दाम शोधलं, तरी सापडेना. स्वतःच्या कामात खोट काढायला बसलेला माणूस आणि खोट निघत नाही, अशी गत. भाऊजींनी इंजिन सुरू केलं. शेडच्या पत्र्यांवरची धूळ खाली आली. पंधरा मिनिटं ते न अडखळता चाललं, आणि बंद केल्यावर भाऊजी आत तसेच बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे टेस्टरने ताईच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"विमान खात्याच्या तपासनिसाला पत्र टाकतो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात नेऊ धावपट्टीवर."

स्वयंपाकघराच्या खिडकीत ताई उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी बँकेत गेले असताना टेस्टर शेडमध्ये एकटा होता. त्याने पेट्रोलच्या पंपाची एक वायर सोडवली. तिच्या लगच्या आतल्या तांब्याच्या तारा त्याने धारदार पात्याने निम्म्याहून जास्त कापल्या, अशा की बाहेरून दिसू नये. मग वजनाचा काटा अडकवून ओढला. लग सुटून हातात आला. एकतीस वर्षांत त्याने वायर वाईट केली असेल तर चुकून केली असेल, मुद्दाम कधी नाही.

भाऊजी आल्यावर त्याने लग त्यांच्या तळहातावर ठेवला.

"अर्ध्या वजनाला सुटला. मला वाटतं ही सगळी खेप खराब आहे."

भाऊजींनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. ते पकडतील असं टेस्टरला वाटलं, आणि पकडावं असंही वाटलं.

"किती आहेत या खेपेचे?"

"दोनशे चौदा."

"सगळे?"

"सगळेच बदलायला हवेत."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "तू नसतास तर मी वर जाऊन मेलो असतो," ते म्हणाले. "बदल."

नवे लग यायला तीन महिने लागले, आणि दोनशे चौदा टोकं कापून पुन्हा दाबायला टेस्टरने आणखी पाच लावले. एरवी हे काम तीन आठवड्यांचं. भाऊजी त्याच्या शेजारी स्टुलावर बसून एकेक कापलेला लग बरणीत टाकायचे आणि मोजायचे. एखाद्या लगला भिंग लावून म्हणायचे, "हा तर चांगला दिसतोय की." टेस्टर म्हणायचा, "तोही चांगलाच दिसत होता."

त्याच काळात भाऊजींच्या वार्षिक तपासणीची तारीख आली. डोळ्यांच्या मशीनसमोर त्यांना बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर एका ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला प्रकाशाचा बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. भाऊजींनी दाबलं. काही वेळाने ते तंत्रज्ञाला म्हणाले, "डावीकडचे दिवे लागत नाहीयेत. वायर ढिली असेल. माझा मेहुणा बघून देईल."

वायर ढिली नव्हती. काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरणीने कागद पुढे सरकवला. दोन्ही डोळ्यांच्या चित्रांत डावीकडचा भाग काळा होता. गेलं ते परत येत नाही, थेंब घातले तर उरलेलं टिकेल, असं तिने सांगितलं. मग जुनी फाइल उघडून ती म्हणाली, "गेल्या वर्षी अगदी काठावर होतं. पास होण्याइतकं. एका वर्षात बरंच खाली गेलंय."

हे भाऊजींनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, हवामान सांगावं तसं. मग शेडमध्ये गेले आणि झाडू घेऊन जमीन झाडायला लागले. ताई आणि टेस्टर स्वयंपाकघरात राहिले.

"मी हेच मागत होते ना?" ताई म्हणाली. "तपासणीत नापास होऊ देत म्हणून. मला वाटलं होतं, झालं की बरं वाटेल."

टेस्टरने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मला काय माहीत, असं व्हायचंय म्हणून. मला वाटलं, रक्तदाब वगैरे काहीतरी. नुसता कागदावर नापास. माणूस तसाच." तिने नळ सोडला, हात धुतले, बंद केला, पुन्हा सोडला. "बाळ्या, गेल्या वर्षी उडाले असते ते."

"हो."

"आणि आले असते खाली नीट?"

"आले असते," टेस्टर म्हणाला. "वायरिंग ठीक होतं."

त्यानंतर काय करावं हे दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. डोळे परत देता येत नव्हते. वर्ष परत देता येत नव्हतं. सांगून टाकावं तर भाऊजींच्या हाती जे दुःख होतं, त्यात आणखी एक पडलं असतं. न सांगावं तर रोज त्यांच्या शेजारी बसून पकड दाबायची.

भाऊजींनी विमान सोडून दिलं नाही. महिनाभराने ते म्हणाले, "मी नाही तर दुसरं कोणी उडवेल. ते उडतं की नाही एवढं तरी कळू दे." क्लबात शिकवणारी एक बाई होती, पन्नाशीची, बुटकी, शब्द तोलून बोलणारी. सगळे तिला कॅप्टन म्हणायचे. ती येऊन दोन तास विमानाभोवती फिरली, वही वाचली, टेस्टरला चाळीस प्रश्न विचारले, आणि मग बसून पाहिलं. भाऊजींच्या खांद्यांच्या मापाची ती जागा तिला दोन्ही बाजूंनी ढगळ झाली, आणि पाय पॅडलला पोचायला पाठीमागे जाड उशी लागली. भाऊजींनी ती उशी स्वतः शिवली. टेस्टर बघत होता. सुईत दोरा ओवताना ते मान पूर्ण डावीकडे वळवायचे, मग उजव्या बाजूने बघायचे.

त्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"भाऊजी, ते लग खराब नव्हते."

भाऊजींची सुई चालू होती.

"मी कापला होता तो एक. तारा कापून मग ओढला. बाकीचे दोनशे तेरा चांगले होते."

सुई थांबली. भाऊजींनी उशी मांडीवरून काढून बाकावर ठेवली. "दुसरी बॅटरी?"

"ती खरंच हवी होती."

"पंपांच्या वायरी?"

"त्याही."

"दोन कॉम्प्युटर?"

"हवे होते. पण मी ते जरा लवकर करू शकलो असतो. किती लवकर, ते मला आता सांगता येत नाही."

"रेडिओची घरघर?"

"ती खरी होती."

भाऊजी एकेक विचारत गेले, फ्यूजच्या पेटीपासून शेपटीच्या दिव्यापर्यंत. पंपघराची पाळी बदलताना हजेरी घ्यावी तसे. टेस्टर उत्तरं देत गेला. कुठे खरं संपून खोटं सुरू झालं, हे त्याचं त्यालाच धड सापडत नव्हतं. शेवटी प्रश्न संपले.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. मलाच भीती वाटली."

भाऊजींनी मान वळवून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं. "खोटं तुला बोलता येत नाही," ते म्हणाले. "तो लग मात्र सफाईने कापला होतास."

टेस्टर उभा राहिला.

"आता जा तू," भाऊजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "शेवटची वीस-एक टोकं राहिली आहेत ती मी दाबतो. पकड ठेवून जा."

पकड बाकावर ठेवून टेस्टर घरी गेला. लिफ्ट असूनही चारही मजले जिन्याने चढला.

दोन महिने त्याला कोणी बोलावलं नाही. ताई फोन करायची, ते बाहेर गेले की. जेवतात, बोलतात, पेपर वाचून दाखव म्हणतात, थेंब वेळेवर घालतात. तिने त्यांना सगळं सांगितलं होतं, त्याच आठवड्यात. ते ऐकून घेऊन म्हणाले होते, "माहीत आहे," आणि अंथरुणावर कूस बदलली होती. "एकदा ओरडले असते तर बरं झालं असतं रे," ताई म्हणाली. टेस्टर नुसता "हं" म्हणायचा.

तपासनीस येऊन गेला, सही झाली, पंख ट्रकवर चढले, हे सगळं त्याला फोनवर कळलं. उड्डाणाची तारीखही ताईनेच सांगितली. ये म्हणाली नाही, येऊ नकोस असंही म्हणाली नाही.

तो गेला. आत न जाता धावपट्टीच्या कडेच्या तारेच्या कुंपणाबाहेर, गवतात उभा राहिला. सकाळ स्वच्छ होती, वारा नव्हता. दूर हँगरसमोर विमान उभं होतं, पांढरं, शेडमध्ये वाटायचं त्याहून लहान. भाऊजी हातात छोटा रेडिओ घेऊन उभे होते, आणि ताईने त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून त्यांचा दंड धरला होता.

इंजिन सुरू झालं. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, थांबलं. आवाज चढत गेला, मग ते धावायला लागलं, आणि धावता धावता त्याच्या चाकांखाली उजेड दिसायला लागला.

टेस्टरचे हात कुंपणाच्या तारेवर होते. वरची प्रत्येक वायर त्याला पाठ होती. कोणती कुठे वळते, कोणत्या क्लिपखाली दुहेरी टेप आहे, कोणत्या फ्यूजला शेजारच्या नळीची ऊब लागते. एखादं टोक सुटलं असतं तर आवाजावरूनच ते कोणतं, हे त्याने सांगितलं असतं. आणि सांगून काही झालं नसतं. त्याच्याकडे रेडिओ नव्हता, पकड नव्हती, आणि मध्ये हजार फूट हवा होती. शेवटची वीस टोकं भाऊजींनी दाबली होती, डाव्या बाजूचं दिसत नसताना. टेस्टरने ती पाहिली नव्हती. विमानाने पहिली फेरी घेतली तेव्हा आवाज क्षणभर बदलला, एक दम घेतल्यासारखा. मग त्याच्या लक्षात आलं की कॅप्टनने एक पंप बंद करून दुसरा चालू केला, वहीत लिहिल्याप्रमाणे. आवाज पुन्हा सरळ झाला. तरी त्याची बोटं तारेवरून निघेनात.

बावीस मिनिटांनी विमान उतरलं. एकदा टेकलं, जरासं उसळलं, पुन्हा टेकलं. हँगरपाशी चार-पाच माणसं टाळ्या वाजवत होती. भाऊजी टाळ्या वाजवत नव्हते. विमान थांबल्यावर ते त्याच्याजवळ गेले, पुढच्या झाकणावर तळहात ठेवून उभे राहिले, आणि कॅप्टनशी बराच वेळ बोलले. टेस्टर निघायच्या बेतात होता. तेवढ्यात त्याला दिसलं की ताई भाऊजींना घेऊन कुंपणाकडे येते आहे.

ते तारेच्या पलीकडे येऊन थांबले. भाऊजींनी मान वळवली, त्याला शोधलं, आणि नजर स्थिर केली.

"तू इथे उभा आहेस हे मला दिसलंच नाही," ते म्हणाले. "हिने सांगितलं."

टेस्टर तारेजवळ सरकला.

"उतरताना अल्टरनेटरचा दिवा लुकलुकत होता, कॅप्टन सांगते," भाऊजी म्हणाले.

"वेग कमी केल्यावर?"

"हो."

"मग काही नाही. इंजिन हळू फिरलं की दाब थोडा पडतो. दिव्याचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा."

"कोणता स्क्रू?"

"दाखवतो."

ताई दोघांच्या मध्ये कुठेतरी, गवताकडे बघत उभी होती.

"गुरुवारी ये," भाऊजी म्हणाले.

टेस्टर गुरुवारी गेला आणि त्यानंतर दर गुरुवारी जायला लागला. माफ केलं असं भाऊजी कधी म्हणाले नाहीत, आणि विचारायची टेस्टरची छाती झाली नाही. लगांचा विषय पुन्हा निघाला नाही. दोघं कामापुरतं बोलत. कॅप्टन दर आठवड्याला विमान वर नेई आणि खाली आल्यावर कागदावर आकडे लिहून देई. भाऊजी ते आकडे भिंगाने वाचत. एकाच माणसाचं विमान, त्यामुळे तिच्या शेजारी बसून जायचीही सोय नव्हती.

कॅप्टन नसेल त्या दिवशी भाऊजी हँगरबाहेर चाकांना अडसर लावून स्वतः आत बसत. पाठीमागची उशी काढून ठेवत, पट्टे बांधत, इंजिन सुरू करत. टेस्टर आग विझवायचा सिलिंडर घेऊन बाजूला उभा राही. इंजिन तापेपर्यंत पंधरा मिनिटं ते जागच्या जागी चालवत, शेपटी थरथरत राही, मग बंद. परवाना नसलेल्या माणसाला तेवढंच करता येत होतं.

असंच एकदा ते आत बसून आकडे मोठ्याने वाचून दाखवत होते आणि टेस्टर वहीत टिपत होता. दाब, तापमान, पेट्रोल. प्रत्येक आकड्याआधी त्यांना थांबावं लागत होतं. इंजिनाचे सगळे काटे पट्टीच्या डाव्या बाजूला होते, आणि त्यांना मान पूर्ण वळवून एकेक शोधावा लागत होता. टेस्टरने ते पाहिलं. एकदा, दोनदा. इंजिन बंद झाल्यावर तो जवळ गेला.

"भाऊजी, काटे उजवीकडे घेऊ? अकरा वायरी लांबवाव्या लागतील. दोन दिवसांचं काम आहे." मग घाईने म्हणाला, "दोनच दिवसांचं."

भाऊजींनी पट्ट्याचं कुलूप सोडलं. समोरच्या पट्टीवरून हात फिरवला, उजवीकडून डावीकडे.

"कॅप्टनला डावीकडेच सोयीचे आहेत," ते म्हणाले. "राहू दे."

टेस्टरने वही मिटली आणि त्यांना उतरायला हात दिला.